दोन जिवांची : एका वचनाची दोन वाचने

गर्भवती स्त्रीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गरोदर, पोटुशी, गर्भार, दिवस गेलेली असे कितीतरी शब्द आहेत. पण या सर्वांत ‘दोन जिवांची’ हा प्रयोग अर्थाच्या दृष्टीने मला अधिक भरीव वाटतो. त्यात जीव दोन मोजलेले आहेत आणि तरीही वाक्य त्या बाईविषयीच आहे. पोटातल्या जिवाची भाषेने वेगळी गणना केली, पण ती करताना बाईला वाक्याबाहेर काढले नाही. गर्भ, माता आणि वैद्य यांच्या परस्परसंबंधांविषयी ख्रिस्ती व यहुदी परंपरांनी जो दीर्घ विचार केला आहे, तो वाचताना हा घरगुती प्रयोग पुनःपुन्हा आठवतो. स्थूलमानाने असे म्हणता येईल की, ख्रिस्ती विचाराने ‘दोन’ या शब्दावर भर दिला आणि यहुदी विचाराने ते दोन जीव जिचे आहेत तिच्यावर. मूळ धर्मग्रंथ बव्हंशी एकच असताना भर असा वेगवेगळ्या ठिकाणी का पडावा, आणि त्या भेदाचा आपल्या घराशी काय संबंध, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती लेखनात हा विषय बहुधा एका वाक्यात आटोपला जातो. यहुदी धर्म गर्भपाताला परवानगी देतो, ख्रिस्ती धर्म देत नाही, असे ते वाक्य असते. विवाहपूर्व शिबिरांतील टिपणांत ते असते, पुस्तिकांत असते, प्रवचनांतही कानावर येते. हे वाक्य यहुदी परंपरेवर अन्याय करणारे आहेच, पण आपल्या स्वतःच्या परंपरेवरही ते अन्याय करते, असे माझे मत आहे.

सातारा-सांगलीच्या वाचकाच्या लेखी हा नुसता विद्वत्तेचा प्रश्न नाही. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ९१३ मुली होत्या. सातारा जिल्ह्यात ८७८ आणि सांगलीत ८५१. हे आकडे निसर्गाने घडवलेले नाहीत. २०१७ च्या मार्च महिन्यात मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे ओढ्याच्या काठी, प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून पुरलेले १९ गर्भ पोलिसांना सापडले. हे प्रकरण उघडकीस आले तेही एका विवाहितेचा बेकायदेशीर गर्भपातात मृत्यू झाला म्हणून. तो करणारा डॉक्टर होमिओपॅथीचा पदवीधर होता. सर विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये ज्या मिरजेत रुग्णालय उभारले, आणि जिची कीर्ती पुढे वैद्यकाचे माहेरघर म्हणून दूरवर पसरली, त्याच मिरजेच्या परिसरात हे घडले. ओढ्याकाठच्या त्या पिशव्यांकडे पाहताना यहुदी आणि ख्रिस्ती विवेक कोणते प्रश्न विचारील, हे समजून घ्यायचे तर आधी दोघांच्या समाईक ग्रंथातील एका वचनाकडे जावे लागते.

निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात एक प्रसंग कल्पिला आहे. दोन पुरुष भांडत आहेत. त्यांचा धक्का एका गर्भवतीला लागतो आणि तिचा गर्भ पडतो. अधिक अनर्थ झाला नाही तर नवरा मागेल आणि न्यायाधीश ठरवतील तो दंड द्यावा. अनर्थ झाला तर जिवाबद्दल जीव द्यावा. येथे मूळ हिब्रूत ‘आसोन’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ अनर्थ, घात, इजा. पण अनर्थ कोणाचा? शब्द मोघम आहे. रब्बींनी तो बाईच्या मृत्यूला लावला. म्हणजे गर्भ गेला तर दंड, बाई गेली तर जिवाबद्दल जीव. यावरून गर्भाला ‘नेफेश’ म्हणजे पूर्ण अर्थाने मनुष्यजीव म्हणता येणार नाही, असा सिद्धान्त निघाला. मात्र त्याला किंमत नाही असा अर्थ त्यातून कोणीही काढला नाही.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील यहुद्यांनी तोराचे ग्रीक भाषांतर केले, तेव्हा याच ठिकाणी भाषांतरकाराने वेगळा मार्ग धरला. त्याच्या वाक्यात अनर्थ हा शब्दच उरला नाही. पडलेला गर्भ अजून आकारास आलेला नसेल तर दंड, आकारास आलेला असेल तर जिवाबद्दल जीव, असे ते भाषांतर सांगते. एका शब्दाने वाक्याचा रोख फिरला. हिब्रू वाचणाऱ्याची दृष्टी बाईवर स्थिरावली, ग्रीक वाचणाऱ्याची पोटातल्या आकृतीवर. फिलो हा येशूच्या काळातील यहुदी तत्त्वज्ञ. त्यानेही ग्रीक पाठच प्रमाण मानला. म्हणजे पहिली फाळणी यहुदी आणि ख्रिस्ती अशी नव्हतीच, ती हिब्रू वाचणारे आणि ग्रीक वाचणारे अशी होती. आरंभीच्या ख्रिस्तसभेचा जुना करार ग्रीक होता, म्हणून संत ऑगस्टिन यांच्यासारख्या आचार्यांचा विचार आकारास आलेला आणि न आलेला गर्भ या भेदाभोवती फिरत राहिला.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते, कारण ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. संत जेरोम यांनी हिब्रूवरून जे लॅटिन भाषांतर केले आणि जे पुढे हजार वर्षांहून अधिक काळ कॅथलिक ख्रिस्तसभेचे बायबल ठरले, त्यात हे वचन रब्बींप्रमाणेच आहे. बाई जगली तर दंड, बाई मेली तर जिवाबद्दल जीव, असा जेरोम यांचा स्पष्ट अर्थ आहे. तरीही त्या बायबलच्या आधारे चाललेल्या ख्रिस्तसभेने गर्भपात गंभीर पाप मानणे कधी सोडले नाही. यावरून काय निष्पन्न होते? ख्रिस्ती निषेध या एका वचनावर उभा नाही. त्याची मुळे अन्यत्र आहेत.

ती मुळे शोधायला फार दूर जायला नको, आपली दिनदर्शिका पुरे. २५ डिसेंबरला आपण प्रभूचा जन्म साजरा करतो, आणि त्यापूर्वी बरोबर नऊ महिने, २५ मार्चला, गब्रिएल दूताने मरियेला निरोप दिला त्याचा सण. ख्रिस्तसभेच्या विश्वासाप्रमाणे शब्द मनुष्य झाला तो गोठ्यात नव्हे, तर त्याआधी नऊ महिने, नाझरेथमधील एका घरात. संत लूक यांच्या शुभवर्तमानात मरिया एलिझाबेथच्या भेटीस जाते, तेव्हा एलिझाबेथच्या उदरातील बालक उडी मारते. दोन गर्भवती स्त्रियांच्या भेटीत दोन अजात बालकांची भेट होते. हे चित्र ज्यांच्या प्रार्थनेत रोज आहे, त्यांना गर्भ म्हणजे आईच्या देहाचा एक अवयव असे म्हणणे जड जाणारच. दुसऱ्या योहान पॉल यांनी जीवनविषयक ‘एव्हान्जेलिउम व्हिते’ हे विश्वपत्र १९९५ साली प्रसृत केले, त्यावरील तारीखही २५ मार्चच आहे.

यहुदी परंपरेला हे चित्र नाही. तिच्याजवळ आहे ते एका प्रसूतीचे चित्र, आणि तेही भयंकर आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाअखेरीस किंवा त्यानंतर लवकरच संकलित झालेल्या मिश्ना या संहितेत अडलेल्या बाळंतिणीचा निवाडा आहे. बाळंतपणात बाईचा जीव धोक्यात आला तर उदरातील मूल तोडून बाहेर काढावे, कारण तिचा जीव त्याच्या जिवाच्या आधी येतो. पण त्याचा अधिक भाग बाहेर आला असेल तर त्याला हात लावू नये, कारण एका जिवासाठी दुसरा जीव बाजूला सारता येत नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्या आज्या-पणज्या म्हणत, त्याची धार हा निवाडा वाचताना जाणवते. बाराव्या शतकातील मायमोनिदीस हे स्वतः वैद्य होते. त्यांनी याला आणखी एक कारण जोडले. अशा वेळी गर्भ हा आईचा पाठलाग करणाऱ्या मारेकऱ्यासारखा असतो, म्हणून त्याला थोपवणे हे कर्तव्य होय. हा युक्तिवाद पुढील पंडितांना फार छळत आला आहे. गर्भ मनुष्यजीवच नसेल तर मारेकऱ्याची उपमा कशाला हवी? आणि उपमा हवी असेल तर गर्भाचा जीव काही साधा नव्हे, हे मान्य केल्यासारखेच होते.

या प्रश्नावरूनच विसाव्या शतकात दोन थोर रब्बींमध्ये जाहीर मतभेद झाला. न्यूयॉर्कचे मोशे फाइनस्टाइन यांनी मायमोनिदीस यांची उपमा अक्षरशः घेतली: आईच्या जिवाला धोका असेल तरच गर्भपात, एरवी तो खूनच. जेरुसलेमचे एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी उलट बाजू मांडली. टे-सॅक्स हा अर्भकाला काही वर्षांत अटळपणे मृत्यूकडे नेणारा आनुवंशिक रोग गर्भात आढळला, तर आईच्या असह्य यातनेचा विचार करून सातव्या महिन्यापर्यंत गर्भपात अनुज्ञेय ठरवता येईल, असा निर्णय त्यांनी दिला. दोघेही सनातनी, दोघांचे आधारग्रंथ तेच. यहुदी धर्म परवानगी देतो, या आपल्या सुटसुटीत वाक्यात फाइनस्टाइन कोठे बसतात?

मराठी वाचकाला ही परंपरा परकी वाटण्याचे कारण नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. त्यांचा वल्हांडणाचा प्रार्थनाविधी मराठी भाषांतरासह गेल्याच्या आदल्या शतकात मुंबईत आणि पुण्यात छापला गेला. नवस फेडताना एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा ते करतात. याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनहून प्रसूतिशास्त्रातील एम.डी. घेतली आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी मुंबईतील मातामृत्यूंची पाहणी केली. बाळंतपणात बायका का मरतात, हा त्या पाहणीचा प्रश्न. तिच्यामागे मिश्ना होती असे मी म्हणणार नाही. ते धाडसाचे होईल. पण मिश्नातील अडलेली बाई आणि त्या पाहणीतील बाई या एकाच मराठी मुलुखात भेटल्या, एवढे खरे.

कॅथलिक परंपरेत अडलेल्या बाईचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. निरपराध जिवाची हेतुतः आणि थेट हत्या कोणत्याही सद्हेतूसाठी करता येत नाही, आईला वाचवण्यासाठीही नाही. मात्र आईच्या रोगावर आवश्यक उपचार करताना, हेतू नसूनही गर्भ दगावला, तर तो दोष नव्हे. गर्भाशयाला कर्करोग झाला असेल तर गर्भाशय काढता येते. द्विपरिणामाचा हा सिद्धान्त तर्काच्या दृष्टीने सूक्ष्म आहे, आणि सूक्ष्म असल्यामुळेच तो प्रवचनात टिकत नाही. लोकांच्या कानी पोहोचते ते एवढेच की, आईने मरावे पण मुलाला धक्का लागू नये.

संत जिआन्ना बेरेत्ता मोल्ला यांची कथा आपल्याकडे ज्या रीतीने सांगितली जाते, ते या विपर्यासाचे उदाहरण होय. मिलान परिसरातील या डॉक्टर स्त्रीला गरोदरपणात गर्भाशयात गाठ आढळली. संपूर्ण गर्भाशय काढण्यास ख्रिस्तसभेच्या शिकवणीने तिला आडकाठी केली नसती. तिने केवळ गाठ काढून घेतली, मूल वाढू दिले, आणि प्रसूतीनंतर आठवड्याभरात, २८ एप्रिल १९६२ रोजी, तिचा मृत्यू झाला. २००४ साली ती संत म्हणून घोषित झाली. तिने केले ते कर्तव्याच्या पलीकडचे होते आणि ते तिचे स्वतःचे, जाणतेपणी केलेले दान होते. त्या दानाचा नियम करून तो दुसऱ्या एखाद्या बाईवर लादला की त्यातील पावित्र्य निघून जाते आणि केवळ सक्ती उरते. यहुदी शास्त्र येथे उलट टोक गाठते. जीव वाचवण्याचे कर्तव्य इतके प्रधान की जवळजवळ सर्व आज्ञा त्यापुढे बाजूला ठेवाव्यात. म्हणून आईने स्वतःला वाचवणे हेही तिचे कर्तव्यच ठरते. त्या चौकटीत जिआन्नासारखी स्त्री संत ठरण्यापूर्वी तिला बरेच प्रश्न विचारले गेले असते.

सूक्ष्म सिद्धान्त सैल हातात पडला की काय होते, याचे उदाहरण सांगलीपासून फार दूरचे नाही. बेळगावच्या सविता हलप्पनवार या दंतवैद्य लग्नानंतर आयर्लंडमध्ये राहत होत्या. २०१२ च्या ऑक्टोबरात, सतराव्या आठवड्यात, त्यांचा गर्भपात होणार हे डॉक्टरांनाही स्पष्ट झाले होते. गर्भाचे ठोके चालू असल्याने तो उरकून घेण्याची त्यांची विनंती नाकारली गेली. हा कॅथलिक देश आहे, असे स्पष्टीकरण त्यांना मिळाले, हे चौकशीत एका परिचारिकेने मान्य केले. २८ ऑक्टोबर रोजी जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. संसर्ग वेळीच ओळखून उपचार करण्यात हेळसांड झाली, असे अधिकृत चौकश्यांत आढळले. २०१८ च्या मे महिन्यात त्या देशाच्या मतदारांनी गर्भपातबंदीचे घटनेतील कलम सुमारे दोन-तृतीयांश मतांनी काढून टाकले. कॅथलिक नीतिशास्त्राने त्यांना मरू द्या असे सांगितले होते काय? मला तसे वाटत नाही. जंतुसंसर्गाने धोक्यात आलेल्या आईवरील उपचारांना त्यात जागा आहे. पण त्या शास्त्राचा जो संक्षेप लोकांच्या हाती आला होता, त्यात आईसाठी जागा नव्हती. मिश्नातील निवाड्याचा संक्षेप करायचा म्हटला तरी आई त्यातून वगळता येत नाही, कारण त्या वाक्याची सुरुवातच तिच्यापासून होते.

आता म्हैसाळकडे वळू. पिशव्यांत पुरलेल्या त्या गर्भांविषयी दोन्ही परंपरांचा निर्णय एकच आहे, परंतु कारणे निराळी आहेत. कॅथलिक म्हणेल, येथे मनुष्याचा वध झाला, आणि केवळ मुलगी म्हणून झाला. यहुदी विचारील, आईच्या जिवाला धोका होता काय? यातना होती काय? मूल मुलगी आहे हे कारण त्याच्या चौकटीत बसतच नाही. इतकेच नव्हे, तर फलद्रूप होण्याची जी पहिली आज्ञा, ती किती अपत्यांनी पुरी होते यावर प्राचीन काळी वाद झाला. शम्मायच्या शिष्यांनी दोन मुलगे म्हटले. हिल्लेलच्या शिष्यांनी एक मुलगा आणि एक मुलगी म्हटले, कारण देवाने नर आणि नारी अशी दोघे निर्माण केली. शास्त्र हिल्लेलच्या मताप्रमाणे चालते. म्हणजे सहा मुलगे झालेल्या बापाची आज्ञा मुलीवाचून अपुरी राहते! वंशाचा दिवा शोधणाऱ्या आपल्या मुलुखात हे वाचून गंमत वाटते, आणि थोडी लाजही. शिवाय रूढ शास्त्रार्थाप्रमाणे ही आज्ञा पुरुषावर आहे, स्त्रीवर नाही. जे करताना जीव धोक्यात येतो त्याची सक्ती तोरा कोणावर करणार नाही, असे त्याचे कारण अलीकडच्या एका भाष्यकाराने दिले आहे.

तरीही यहुदी दृष्टी जशीच्या तशी उचलून सांगलीत आणावी, असे माझे म्हणणे नाही. वाल्डेनबर्ग यांनी आईच्या यातनेला कारणाचा दर्जा दिला. तिसरी मुलगी पोटात आहे असे कळलेल्या सुनेला यातना होत नाहीत काय? होतात, आणि खऱ्या होतात. पण त्या तिच्या गर्भातून उपजलेल्या नसतात; सासरच्या बोलण्यातून, नवऱ्याच्या मौनातून, दुसऱ्या लग्नाच्या धमकीतून त्या घडवल्या जातात. जे घर यातना निर्माण करते तेच घर तिला त्या यातनेवरचा उपाय म्हणून दवाखान्यात घेऊन जाते. अशा ठिकाणी आईच्या दुःखाची सवलत आईच्या हाती राहत नाही. येथे कॅथलिक निषेधाची अढळता मला मोलाची वाटते: त्या बाईला नाही म्हणायला आधार हवा असेल तर तो या अढळतेत आहे. पण तो आधार तिच्यापर्यंत पोहोचवायचा तर तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून चालणार नाही. म्हैसाळ प्रकरणाला वाचा फुटली ती एका बाईच्या मृत्यूने. हत्येच्या हिशेबात आपण तिला कोणत्या बाजूला लिहितो?

माझा खरा आक्षेप येथे आहे. ‘एव्हान्जेलिउम व्हिते’ आपण मराठीत उद्धृत करतो ते निषेधाच्या परिच्छेदांपुरते. त्याच विश्वपत्रात एकोणसाठाव्या परिच्छेदात दोषाचे वाटप केले आहे, आणि ते वाचण्यासारखे आहे. दडपण आणणारा किंवा तिला एकटी सोडणारा बाप, कुटुंबीय, मित्र, डॉक्टर, कायदे करणारे, सर्वांची नावे तेथे घेतली आहेत. नव्याण्णवाव्या परिच्छेदात गर्भपात केलेल्या स्त्रियांशी पोप स्वतः बोलतात, आणि त्या बोलण्यात धमकी नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यात तर याहून ठोस तरतूद आहे. गर्भपात घडवणाऱ्यावर आपोआप बहिष्कार येतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण गंभीर भीतीच्या दडपणाखाली वागलेल्या व्यक्तीवर ही आपोआप येणारी शिक्षा येत नाही, हे ठाऊक नसते. उलट ज्यांच्या साहाय्यावाचून ते कृत्य घडलेच नसते असे सहभागी त्या शिक्षेच्या कक्षेत येतात. म्हणजे सक्तीने नेलेल्या सुनेपेक्षा तिला नेणारा नवरा आणि पैसे मोजणारा सासरा कायद्याच्या दृष्टीने अधिक अडचणीत असतात. हे आपल्या धर्मग्रामातील किती कुटुंबांनी ऐकले आहे? २०१६ च्या नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला, तोही बातमीपुरताच आपल्याकडे आला. बाप्तिस्म्याच्या पाण्याने मुलग्याची हाव धुऊन निघते असे मानायला काही आधार नाही. म्हणून हे दुसऱ्यांच्या घराविषयी लिहीत आहे असेही कोणी समजू नये.

भाषेचाही थोडा दोष आहे. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आपण निःशंकपणे वापरतो. धर्मशास्त्रांतील भ्रूणहत्येच्या महापातकाची सावली त्याच्यावर आहे. कॅथलिक लेखकाला तो सोयीचा वाटतो, आणि निषेधाच्या दृष्टीने तो खोटाही नाही. पण त्यात भ्रूण आहे, हत्या आहे, आणि बाई कोठेच नाही. ‘दोन जिवांची’ म्हणणाऱ्या भाषेला हा शब्द शोभत नाही.

प्रयोगशाळेतील गर्भधारणेविषयी मात्र मी आपल्या परंपरेच्या बाजूने थोडे अधिक बोलेन. इस्रायलमध्ये या उपचारांचा खर्च दोन अपत्यांपर्यंत सरकार उचलते. वांझपणाचे दुःख साराह, राहेल, हन्ना यांच्या कथांतून जाणणाऱ्या समाजाला ते स्वाभाविक आहे. मध्यंतरी भारतात भाडोत्री गर्भाशयाचा बाजार तेजीत असताना इस्रायलमधील जोडपी मुंबईतही येत. २०२१ च्या कायद्याने तो व्यवहार बंद झाला. १९८७ च्या ‘दोनुम व्हिते’ या व्हॅटिकनच्या सूचनापत्राने हा सारा मार्गच नाकारला, आणि निपुत्रिक दांपत्याला तो नकार कठोर वाटतो हे मान्य केले पाहिजे. पण गर्भ बशीत तयार झाला की निवडीचा प्रश्न येतो, आणि निवड म्हटली की आमच्या जिल्ह्यांत ती कोणत्या दिशेने जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. गर्भलिंगचिकित्सेवर देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याला २००३ मध्ये दुरुस्ती करून गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीवरही बंदी घालावी लागली. ‘दोनुम व्हिते’ने दाखवलेला धोका कल्पनेतला नव्हता.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला हा भेद बराच निवळतो. सोळाव्या शतकातील क्राकोचे रब्बी इस्सेर्लीस यांनी लिहिले की, मरणासन्नाच्या घराजवळ लाकूड फोडण्याचा आवाज प्राण अडवून ठेवत असेल तर तो थांबवावा, पण मृत्यू लवकर यावा म्हणून त्याला हलवू नये. बाराव्या पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांना जे सांगितले ते याच्या फार जवळचे आहे: असामान्य उपायांची सक्ती नाही, पण मारणेही नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग यांची बेचाळीस वर्षे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आपली भूमिका मांडली, तेव्हा त्यांनी यांपैकी कोणताही ग्रंथ वाचलेला असण्याची गरज नव्हती.

साताऱ्याची एक गोष्ट उरते. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचे नाव ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवण्याची चाल या जिल्ह्यात होती. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारच्या जिल्हा प्रशासनाने एका समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात असाच प्रकार आहे. त्याला मुलगी होते आणि देवाच्या आज्ञेने तिचे नाव ‘लो-रुहामा’ ठेवले जाते. जिच्यावर माया नाही ती, असा त्याचा अर्थ. पुढच्याच अध्यायात ‘लो’ हा नकार गळून पडतो आणि भावंडांना सांगितले जाते की, आपल्या बहिणींना ‘रुहामा’ म्हणा. ‘रुहामा’ आणि हिब्रूतील ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय, ही एकाच धातूची रूपे आहेत. यहुदी मंदिरांत हा उतारा वार्षिक वाचनक्रमात येतो. संत पौल आणि संत पेत्र यांनी तोच उतारा परराष्ट्रीयांच्या स्वीकाराला लावला. दोन्ही वाचनांत ती मुलगी प्रजेचे प्रतीक होऊन जाते. मुलगी म्हणून तिच्याकडे भाष्यकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. आपल्या मराठी बायबलमध्ये तिचे नाव हिब्रू उच्चारानेच ठेवले जाते, त्यामुळे कऱ्हाड किंवा तासगावच्या वाचकाला ते ऐकून काहीच आठवत नाही. पुढील आवृत्तीच्या भाषांतरकारांनी मजकुरात नाही तरी तळटीपेत ‘नकुशी’ हा शब्द द्यावा.